एकोणसाठ वर्षांचा माळीपुरा

अंजनगाव सुर्जीच्या माळीपुऱ्यात देवीदासभाऊ भाजीची गाडी लावत, पण त्यांचं खरं नाव झालं ते सोयरिकींत. तीस वर्षांत सव्वाशेच्या वर लग्नं त्यांनी जुळवली आणि बदल्यात घेतलं काय, तर एक टोपी, एक दुपट्टा आणि पंगतीत पहिल्या ओळीतली जागा.

माणूस कसा पारखायचा ते त्यांच्याकडून शिकावं. कोणाच्या घरी स्थळ पाहायला गेले की पोहे संपल्यावर ते हमखास म्हणत, “गच्ची दाखवा बरं, काय मोकळा वारा असंल!” लोकांना वाटे, या माणसाला वाऱ्याची भारी हौस. वारा गेला उडत! भाऊ सगळ्यांच्या मागून जिना चढत आणि कोण कितव्या पायरीवर थांबतं ते पाहत. आठव्या पायरीवर कठडा धरून “मिस्त्रीनं पायऱ्या लय उंच बांधल्या” असं म्हणणारा माणूस दम्याचा नाहीतर हृदयाचा. चहा आल्यावर ज्याच्या कपाकडे बायको डोळे वटारून पाहते, तो शुगरचा. वय तर ते कधी विचारतच नसत. “मॅट्रिकले गणिताले कोण मास्तर होते तुमाले?” एवढं विचारायचं आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची.

एवढं सगळं कळे, पण सांगायचं किती, याचा त्यांचा एक नियम होता. मुलाचं-मुलीचं काही असलं तर समोरच्याला स्पष्ट सांगायचं, मायबापाचं झाकायचं. लग्न काय मायबापाचं आहे का? पण आपल्याकडचे लोक असे, की मुलाच्या बापाला शुगर निघाली तर मुलाच्या होणाऱ्या पोरांपर्यंत हिशेब लावतात. म्हणून भाऊ गप्प राहत. अख्ख्या माळीपुऱ्याचे दमे, बीपी, मूतखडे त्यांच्या पोटात होते आणि एकही कधी बाहेर आला नव्हता. याच एका गोष्टीवर लोक त्यांना दारात उभं करत.

मग आला दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी. पहिल्या वर्षीचा कोरोना गेला म्हणून लोकांनी मास्क खुंटीला टांगले होते आणि अमरावती-अकोल्यात तो पुन्हा उसळला. एरवी अमरावतीचं नाव टीव्हीवर वर्षात दोनदा येत नाही, आता रोज येऊ लागलं. बाजार बंद, मंगल कार्यालयं बंद.

देवीदासभाऊंची सून वर्षाली आशा सेविका. ताप मोजायची बंदूक, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आणि बगलेत रजिस्टर घेऊन ती उन्हातान्हात दारोदार फिरे. एका संध्याकाळी ती जेवायला बसली आणि तिनं रजिस्टर ताटाशेजारी आपटलं.

“मामाजी, आपला माळीपुरा पेपरात छापाले पायजे! दोनशे घरं झाली. दमा कोणालेच नाही. शुगर चौघाइले. अन् साठच्या वर एक बी माणूस नाही! एकोणसाठ वर्षांचे सदतीस जन हायत. एका सालात एवढे जन्मले कसे?”

“गोदाबाई किती म्हणे?” देवीदासभाऊंच्या बायकोनं, जयवंताबाईनं विचारलं.

“एकोणसाठ.”

“अव माय! तिचा थोरला अठ्ठावन्नचा हाय!”

झालं होतं असं, की साठ म्हटलं की नाव लाल शाईत जातं आणि लाल शाईवाल्याला गाडीत घालून नेतात, अशी कोणीतरी पुडी सोडून दिली होती. त्यात ज्यांच्या घरी लग्नाची पोरं होती त्यांना वेगळीच धास्ती. रजिस्टरात दमा लिहिला की तो उद्या पाहुण्यांच्या कानावर जायचा.

“ताप तं सगळ्याइलेच येते,” वर्षाली भाकरी मोडत म्हणाली, “पण जीव कोणाचा जाते? वय झालेल्याचा. शुगर, बीपी, हृदय, किडनी, दमा असलेल्याचा. अंगानं लय जाड असलेल्याचा. अन् जो उशिरा येते त्याचा. असा माणूस पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्या म्हणतात. पण माह्या रजिस्टरात असा माणूसच नाही, तं नेऊ कोणाले?” मग तिनं सासऱ्याकडे रोखून पाहिलं. “मामाजी, तुमाले तं सगळं माहीत हाय.”

“मले काय माहीत?” भाऊ म्हणाले.

जयवंताबाईला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं.

 त्या रात्री भाऊंच्या डोक्यात एकेक घर उभं राहत होतं. कोपऱ्यावरचे केशवराव, शुगर, दहा वर्षं. त्यांच्या शेजारचा, बीपी आणि तंबाखू. गोदाबाई, पंचाहत्तर आणि वर छातीत घरघर. वर्षालीनं सांगितलेली यादी म्हणजे तर भाऊंच्या तीस वर्षांच्या धंद्याचीच यादी होती. पण तोंड उघडलं की धंदा संपला, आणि धंद्यापेक्षाही शब्द संपला.

सकाळी त्यांना तोडगा सुचला. ते सुनेबरोबर निघाले. “मी काही बोलणार नाही,” त्यांनी आधीच बजावलं, “पण खोटं ऐकून माह्या घशात खवखव झाली तं मी काय करू?”

केशवरावांच्या दारात वर्षालीनं विचारलं, “शुगर?” केशवराव म्हणाले, “छे!” भाऊ फाटकाशी उभे राहून खाकरले. केशवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडे चुळबुळले आणि म्हणाले, “बॉर्डरवर हाय म्हणते डॉक्टर.” भाऊ पुन्हा खाकरले. “बरं, लिह, हाय!” दुसऱ्या घरी बीपी निघालं. भाऊंना मोठी मौज वाटू लागली. शब्दही राहत होता आणि कामही होत होतं. तिसरं घर गोदाबाईचं. तिनं वय सांगितलं एकोणसाठ, आणि भाऊंना असा ठसका लागला की थांबेचना, डोळ्यांत पाणी आलं.

गोदाबाईनं धाडकन दार लावलं आणि खिडकीतून बोंब मारली, “धावा वं! देवीदासले झाला!”

आता कोरोनाच्या दिवसांत भर गल्लीत खोकायचं, ही अक्कल चालवायला सदुसष्ट वर्षांचा शहाणा माणूसच लागतो! पाच मिनिटांत गल्ली रिकामी. कोणीतरी फोन लावला आणि दुपारच्या आत गाडी येऊन भाऊंना घेऊन गेली. नाकात काडी घातली, दोन दिवसांनी काही नाही असा निकाल आला, पण आठवडाभर त्यांच्या मेथीला कोणी हात लावला नाही. सगळी गाईनं खाल्ली. “अजून खाकरा,” जयवंताबाई म्हणाली. भाऊंनी कानाला खडा लावला.

त्या आठवड्यातच पुंजाजी तापला.

पुंजाजी म्हणजे भाऊंचा बालमित्र, झेंडूची शेती करणारा, आणि करिश्माचा बाप. करिश्माचं लग्न भाऊंनीच जमवलं होतं, अकोल्याच्या रामरावांच्या सागरशी. सागर बडनेऱ्याला रेल्वेत, रामरावांचं अकोल्यात फुलांचं दुकान. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं होतं.

आणि या सोयरिकीच्या पोटात काय होतं ते फक्त भाऊंना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पुंजाजीच्या छातीत कळ आली तेव्हा भाऊंनीच त्याला अकोल्याला नेलं. हृदयाची नळी उघडी ठेवायला स्प्रिंग टाकली, शुगर निघाली तीही तीनशेच्या वर. घरी सांगितलं काय, तर करिश्मासाठी मुलगा पाहायला चार दिवस राहावं लागलं. आता मुलगा पाहायला गेलो म्हटल्यावर परतताना एखादा मुलगा हातात नको का? भाऊ दवाखान्याबाहेर चहा पीत बसले होते, तिथं बाकावर एक बऱ्या घरचे गृहस्थ तोंडात पंप ओढत होते. तेच रामराव. दम्यासाठी आले होते आणि आपल्या जातीत चांगलं स्थळ आहे का हे विचारत होते. असं हे लग्न ठरलं! पुंजाजीला रामरावांचा दमा माहीत नाही, रामरावांना पुंजाजीची स्प्रिंग माहीत नाही. भाऊंनी दोघांनाही शब्द दिला होता.

पुंजाजीला ताप आला तसा वर्षालीनं त्याला शाळेच्या वसतिगृहात उघडलेल्या सेंटरवर पाठवलं. तपासणी पॉझिटिव्ह आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, प्रियदर्शनी मॅडमनी, वय विचारलं. एकोणसाठ. काही आजार? काहीच नाही, शेतकरी माणूस, दगड पचवतो. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. खाटा थोड्या, माणसं जास्त. वय कमी आणि आजार नाही म्हटल्यावर मॅडमनी गोळ्या देऊन घरी राहायला सांगितलं. त्यांची काय चूक? कागदावर पुंजाजी म्हणजे पैलवान होता.

वर्षालीनं हे घरी येऊन सांगितलं. भाऊंनी लगेच पुंजाजीला फोन लावला.

“पुंज्या, जाऊन खरं सांग बे.”

“पंधरा दिवस… थांब ना बावा.” पुंजाजी मध्येच श्वास घ्यायला थांबला. “साक्षगंध होऊ दे. मंग… सांगतो.”

“अन् तोवर काही झालं तं?”

“काही नाही होत. तू बोलला तं देवीदास… तुह्या अन् माह्या… संबंध संपला. तुले माह्या पोरीची शपथ.”

एका वाक्यात माणूस दोनदा थांबला. भाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास मोजले होते, त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. ते ओट्यावर येऊन बसले. बोललो तर पोरीचं लग्न मोडेल, पुंजा तोंड पाहणार नाही, पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. नाही बोललो तर पुंजा मरेल. इतकं सरळ होतं आणि तरी भाऊंना उठवेना. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. शेवटी जयवंताबाई बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवर मास्क टाकून म्हणाली, “तेराव्याच्या पंगतीत बी तुमाले पहिल्या ओळीत बसवतीन. जाता का नाही?”

भाऊ धावत सुटले.

सेंटरच्या दारात लांब रांग, आणि बहुतेक सगळा माळीपुराच. प्रियदर्शनी मॅडम प्लास्टिकच्या पडद्याआड, पांढऱ्या पोशाखात, तोंडावर दोन मास्क, आणि मागे एक फर्राटा पंखा असा घरघरत होता की विमान उतरतंय वाटावं. भाऊ रांग मोडून पुढे गेले. हळूच म्हणाले, “मॅडम, पुंजाजीले स्प्रिंग हाय.”

“काका, जोरात बोला!”

“पुंजाजीले… हृदयात… स्प्रिंग!”

“काही ऐकू येत नाहीये. मास्क काढू नका, नुसतं जोरात बोला!”

तीस वर्षं कुजबुजत जगलेल्या त्या माणसानं मग छाती भरून घेतली आणि असा आवाज काढला की रांगेच्या शेवटाला शेळ्या उठून उभ्या राहिल्या. “पुंजाजीले स्प्रिंग बसवली हाय! दोन वर्ष झाले! शुगर तीनशे हाय! अन् वय सदुसष्ट हाय, तो माह्या वर्गात होता!”

पंखा कोणीतरी नेमका तेव्हाच बंद केला.  मॅडमनी रजिस्टर ओढलं, पत्ता विचारला आणि उभ्या उभ्या गाडीला फोन केला.

भाऊ वळले. सगळा माळीपुरा त्यांच्याकडे पाहत होता. आता शिव्या बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात गोदाबाई पदर सावरत पुढे आली.

“देवीदास, तोंड उघडलंच हाय तं माह्यं बी सांगून दे. मले लाज वाटते.”

“बीपी माह्यं बी सांगजा,” मागून कोणीतरी म्हणालं.

“माह्या बुढ्याचं सांगा हो, तो काही कबूल करत नाही!”

आपलं गुपित स्वतः सांगायला जिभेला जड जातं, दुसऱ्यानं ओरडून सांगितलं तर चालतं, असे आपण लोक. भाऊंनी तिथंच उभ्यानं अकरा जणांचं सांगितलं. एकाचं तर त्यानं न सांगताही सांगितलं, आणि तो गृहस्थ रागानं लाल झाला, पण रांगेतून गेला नाही.

पुंजाजीला न्यायला गाडी आली तेव्हा तो खाटेवरून उठेना. शेवटी दोघांनी धरून बसवलं. खिडकीतून त्याला भाऊ दिसले. “हरामखोरा!” एवढं तो म्हणाला, पुढची शिवी द्यायला श्वास उरला नाही. अमरावतीला पोचेपर्यंत ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला होता. तिथल्या डॉक्टरांनी सागरला सांगितलं की एक दिवस आणखी घरी राहिले असते तर आणायचं काही कारण उरलं नसतं. बडनेऱ्याहून धावत पोचलेला होणारा जावईच तिथं उभा होता, आणि त्याच्यामुळेच स्प्रिंगची बातमी अकोल्याला गेली.

तिसऱ्या दिवशी पुंजाजीचा ऑक्सिजन जरा वर आला. भाऊ ही बातमी घेऊन त्याच्या घरी गेले. करिश्माची तपासणी निगेटिव्ह आली होती, तरी तिला चौदा दिवस घरातच राहायचं होतं. ती कंपाउंडच्या आत, भाऊ बाहेर रस्त्यावर.

“बाबा बरे हायत पोरी. सकाळी दूध घेतलं म्हणते.”

 करिश्मा एकदम म्हणाली, “काका, तुमाले दोन वर्षांपासून माहीत होतं. मले नाही. मी रोज सकाळी बाबाले गुळाचा चहा करून देत होती. वरून पेढा. बाबा मुकाट्यानं खात होते, मले संशय येऊ नये म्हून. तुमी समोर बसून पाहत होते.”

 भाऊ खरंच पाहत होते. एकदा तर त्यांनीच पेढ्याचा पुडा आणला होता.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. रामराव. तिनं स्पीकर लावला आणि फोन भिंतीवर ठेवला.

“देवीदासभाऊ तिथं हायत का? असतीन तं ऐका!” रामराव तापले होते. “आमाले फसवलं तुमी! एवढा मोठा आजार झाकून आमच्या घरी पोरगी देऊन राहिले होते? आमचं घराणं काय…” आणि त्यांना खोकला आला. बराच वेळ आला.

भाऊंनी तोंड उघडलं, पण करिश्मानं हातानं थांबवलं.

“काका, मी करिश्मा बोलून राहिली. लिहून घ्या. माह्या बाबाले स्प्रिंग हाय, शुगर हाय, वय सदुसष्ट हाय, गुडघे गेलेले हायत. आजीले दमा होता. मले चष्मा हाय, दूरचा. तुमाले लग्न मोडाचं असंल तं मोडा, मले बाप पायजे. आता तुमचं सांगा. तुमाले काय हाय?”

 फोनमध्ये दुरून एका बाईचा, सागरच्या आईचा, आवाज आला, “सांगा ना! आता कावून गप्प बसले? पंपाचं सांगा! अन् खोकला चार दिवसांचा हाय ते बी सांगा! ‘साक्षगंध होऊ दे, मंग जातो’ म्हणतात, पोरी. ताप बी हाय अंगात!”

 पुंजाजीचंच वाक्य होतं ते, फक्त शेवटचा शब्द वेगळा. सेंटरसमोर त्यांनी अकरा जणांचं सांगितलं होतं आणि रामरावांचं पोटातच ठेवलं होतं, ते गावचे नाहीत म्हणून, आणि लग्न तरी वाचावं म्हणून.

“काका,” करिश्माचा आवाज बदलला, “फोन ठेवा. आताच्या आता दवाखान्यात जा. काकूले सोबत न्या, अन् तिलेच बोलू द्या. लग्नाचं मंग पाहू.”

“बरं,” रामराव अगदी लहान आवाजात म्हणाले. फोन बंद झाला.

रस्त्यावर ऊन चढलं होतं. भाऊ तसेच उभे. करिश्मानं फोन उचलला, ओढणीनं पुसला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“देवीदासकाका, बाहेरगावच्या अजून किती घरचं माहीत हाय तुमाले?”

भाऊंनी मनात मोजायला सुरुवात केली. दर्यापूर, परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर. बोटं संपली.

“लय,” ते म्हणाले.

“मंग उभे कावून हा?”